तीन मिनिटांतलं शून्य

नऊ वर्षं ‘घरी बसल्यावर’ मी पुन्हा नोकरीला लागले. ‘घरी बसल्यावर’ हा लोकांचा शब्द. सासऱ्यांचं आजारपण आणि मुलीची शाळा यांच्या मधल्या काळात मी नेमकी कधी बसले, हे कुणी दाखवून दिलं तर मी त्याचे पाय धरेन. पण मुलाखतीत असं बोलता येत नाही. तिथे मी मान खाली घालून ‘गॅप आहे’ म्हणायची, आणि समोरचा माणूस तेवढ्याच नम्रपणे ‘कळवतो’ म्हणायचा. सहा ठिकाणी ‘कळवतो’ ऐकल्यावर अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीने मला तीन महिन्यांसाठी घेतलं. काम बघू, मग कायम करायचं की नाही ते ठरवू, असं साहेब म्हणाले. मी चव्वेचाळीस वर्षांची होते. इथून बाहेर पडले तर पुन्हा कुणी बोलावणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

कंपनी सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपाचे कंट्रोलर बनवते. खालच्या टाकीतलं पाणी गच्चीवरच्या टाकीत कधी चढवायचं आणि पंप कधी बंद करायचा, हे ते डबडं ठरवतं. आता तो पंप मोबाईलवरूनही दिसतो. त्यामुळे एका मोठ्या बिल्डरने ऑर्डर द्यायच्या आधी अट घातली होती की तुमच्या प्रोग्रॅमची सुरक्षा तपासणी करा आणि अहवाल द्या. ही तपासणी माणसाने करायची नसते. त्यासाठी एक स्कॅनर असतो. प्रोग्रॅममध्ये बदल झाला की तो आपोआप चालतो आणि कुठे भोक राहिलंय ते सांगतो. तो आमच्याकडे बसवायचा, हे माझं तीन महिन्यांचं काम.

प्रोग्रॅम लिहिला होता काकांनी. काका म्हणजे मालवणकडचे, वडील गिरणीत, हे कॉम्प्युटरवर. ऑफिसातले सगळे त्यांना काकाच म्हणत, त्यांच्याहून मोठे असलेले साहेबसुद्धा. पहिल्या दिवशी त्यांनी मला चष्म्याच्या वरून पाहिलं आणि विचारलं, “माझ्या चुका काढायला आलीस?”

“मी नाही काढणार. यंत्र काढेल,” मी म्हणाले.

“मग बरं. यंत्रावर राग धरता येत नाही ना.”

स्कॅनरला एक सोपी सेटिंग असते, ‘माझं मी बघतो’ अशी. मी ती लावली आणि त्याने पहिल्याच दिवशी हात टेकले. कारण आमचा प्रोग्रॅम सी प्लस प्लस या भाषेतला. माणसाने लिहिलेल्या फायली आधी कंपायलरमधून काढून मशीनच्या भाषेत आणायच्या आणि मग त्यांचा एक प्रोग्रॅम बांधायचा, याला आम्ही बिल्ड म्हणतो. आमचा बिल्ड कसा करायचा, हे जगात फक्त काकांना माहीत होतं. कुठला तुकडा आधी, कुठला नंतर, मध्ये कुठली फाईल हाताने हलवायची, सगळं एका निळ्या वहीत. पहिल्या पानावर ‘श्री’ आणि खाली अकरा पायऱ्या.

“ही वही कुणाला दाखवली नाहीत कधी?” मी विचारलं.

“कोणी विचारलीच नाही गो,” काका म्हणाले, आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. चार दिवस आम्ही त्या अकरा पायऱ्या स्कॅनरला शिकवत होतो. मला नऊ वर्षांत इतकी मजा आली नव्हती. सातवी पायरी तर काकांनाही आठवेना, का करायची ते. “करूया ना, एवढी वर्षं करतोय,” म्हणाले. मी ती काढून टाकली. काही बिघडलं नाही. काका दिवसभर तोंड पाडून बसले आणि संध्याकाळी येऊन म्हणाले, “आठवी पण बघ जरा.”

बिल्डला पन्नास मिनिटं लागायची. स्कॅनर सोबत असला की तास उलटून जायचा, आणि मशीन अडकून पडू नये म्हणून मीच घातलेली एका तासाची मर्यादा संपून सगळं मध्येच तुटायचं. त्यात मशीन एकच. बाकीचे खोळंबायचे आणि माझ्या नावाने बोटं मोडायचे. तेव्हा मी एक शक्कल लढवली. आधी बिल्ड झालेले तुकडे तसेच जपून ठेवायचे, आणि ज्या फायली बदलल्या तेवढ्याच पुन्हा कंपायलरमधून काढायच्या. कालची आमटी आहे ना, मग पुन्हा डाळ कशाला शिजवा? वीस वर्षं स्वयंपाकघर सांभाळलंय मी. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

त्या शुक्रवारी सकाळी स्कॅन तीन मिनिटांत संपला. हिरवी खूण आणि समोर आकडा शून्य. एकही दोष नाही!

काकांनी कपाटातून मालवणी खाज्याचा डबा काढला आणि सगळ्यांच्या टेबलावरून फिरवला. “सोळा वर्षांचं काम, आणि शून्य!” असं प्रत्येकाला सांगत होते. साहेब स्वतः बाहेर आले. मला म्हणाले, “छान झालं हो, मॅडम. फार छान. अहवाल दुपारी चारला पाठवून देऊ.” इतकं गोड ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. मी मनात कायमचं पत्र फ्रेम करून भिंतीवर लावूनसुद्धा टाकलं.

अहवालाला जोडायला म्हणून मी स्कॅनची नोंद उघडली. एका हातात खाजा. तळाशी एक बारीक ओळ होती, जी मी आजवर कधी वाचलीच नव्हती. एकूण फायली दोनशे बारा, पाहिलेल्या सात.

खाजा हातातच राहिला. मी ती ओळ चार वेळा वाचली आणि मग मला कळलं की मी काय करून ठेवलंय. हा स्कॅनर स्वयंपाकघरात उभा राहून बघणारा. फाईल त्याच्या डोळ्यांदेखत कंपायलरमध्ये गेली, तरच तिच्यात काय आहे ते त्याला कळतं. मी त्याच्यापुढे शिजवलेल्या अन्नाचे डबे झाकणं लावून ठेवले होते. त्याने ताज्या सात फायली पाहिल्या, त्यांच्यात दोष नव्हता, म्हणून शून्य सांगितलं. उरलेल्या दोनशे पाच फायलींबद्दल तो बिचारा काही बोललाच नव्हता.

माझी वाट लागली होती. आणि खरं सांगते, पहिला विचार मनात आला तो गप्प बसण्याचा. ती ओळ बिल्डर वाचणार नव्हता. साहेब वाचणार नव्हते. पुढच्या आठवड्यात माझे तीन महिने संपत होते. मी कायम झाले असते, आणि नंतर हळूच दुरुस्त केलं असतं. दहा मिनिटं मी हे सगळं मनात नीट जुळवलं. मग समोर पाहिलं तर काका शिपायालासुद्धा शून्य म्हणजे काय ते समजावत होते. मला स्वतःचा असा काही राग आला, की मी उठले आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

“ते शून्य खोटं आहे,” मी म्हणाले. “चूक माझी आहे. खरं बघायला दीड तास लागेल आणि तेवढा वेळ मशीनला कुणी हात लावायचा नाही.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. “करा,” एवढंच म्हणाले. आवाजातला गोडवा पार गेला होता.

काकांना सांगणं जास्त कठीण होतं. त्यांनी डबा बंद केला आणि माझ्या शेजारी येऊन बसले. मी जपून ठेवलेले सगळे तुकडे पुसले, ती एक तासाची मर्यादा काढली आणि सुरू केलं. दोनशे बारा फायली एकेक करून सरकू लागल्या. दीड तास आम्ही दोघं त्या पडद्याकडे दूध उतू जाईल म्हणून बघावं तसे बघत होतो.

आकडा आला एकसष्ट.

मी काकांकडे बघू शकले नाही. ते मात्र पडद्याला नाक लावून एकेक दोष वाचत होते. “हे चालतं... हे काही नाही... हे खरं आहे, काढूया...” विसाव्या दोषाच्या आसपास ते थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

इथे मुलुंडच्या एका सोसायटीबद्दल सांगायला हवं. तिथला पंप चार-सहा महिन्यांतून एकदा, कुणाला न विचारता, टाकी भरलेली असताना सुरू व्हायचा आणि गच्चीवरून धबधबा लागायचा. का, ते कुणालाच कळत नव्हतं. काका तिथे इतक्या वेळा गेले होते, की वॉचमनने गच्चीवर त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती. ऑफिसात त्या बिघाडाला सगळे ‘भूत’ म्हणत.

स्कॅनर सांगत होता, की एका जागी प्रोग्रॅम आठ टाक्यांची पातळी वाचतो, पण मोजताना नऊपर्यंत जातो. नववी टाकी नाहीच. मग तिथे शेजारचा जो काही आकडा पडलेला असेल, तोच तो पाणी समजून वाचतो. तो आकडा कधी लहान निघाला, की टाकी रिकामी समजून पंप सुरू.

“गावलो!” काका एवढ्याने ओरडले की पलीकडे सोल्डरिंग करणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. “गावलो गो बाय, गावलो! खंय होतंस रे मेल्या, सोळा वर्सां!” आणि मग ओळीवर बोट ठेवून, लहान मुलासारखे हसत, “माझोच हात! माझीच चूक!” मी स्वतःची चूक सापडल्यावर इतका खूश झालेला माणूस त्याआधी पाहिला नव्हता. त्यांनी डबा पुन्हा उघडला आणि पुन्हा प्रत्येक टेबलावर फिरवला. मी एकीकडे हसत होते आणि एकीकडे डोळे पुसत होते.

तेवढ्यात साहेबांनी मला आत बोलावलं. दार लावलंच नाही.

“अक्कल गहाण ठेवली होतीस का?” इथून सुरुवात झाली. “तीन मिनिटांत दोनशे फायली? तुला स्वतःला खरं वाटलं? ते कागद गेले असते तर मी तोंड कुठे दाखवलं असतं?”

माझंही डोकं काही थंड नाही. “मीच येऊन सांगितलं ना? नाहीतर तुम्ही त्या शून्याला हार घालून बसला असता!”

“उलट बोलू नकोस! आता आहे तसं एकसष्ट लिहून पाठव, काकांचं भूत आजच काढतोय म्हणून लिही, आणि उरलेले कधी काढणार तेही लिही. साठ दोष आहेत, कळतंय का? कोण निस्तरणार? मी? सोमवारी नऊला यायचं. नऊ म्हणजे नऊ!”

मी बाहेर आले. अहवाल लिहिला, पाठवला आणि पर्स भरायला घेतली. नोकरी गेली, याबद्दल मला काही शंका उरली नव्हती. कारण माझ्या कानांत फक्त आवाज घुमत होता, शब्द नव्हे.

“ओरडला ना तो?” काकांनी विचारलं.

“अख्ख्या मजल्याने ऐकलं, काका.”

“वाचलीस मग.” ते माझ्याजवळ वाकून म्हणाले, “तो गोड कोणाशी बोलतो ठाऊक आहे? ज्याला घालवायचंय त्याच्याशी. सकाळी शून्य आलं तेव्हा मला काय म्हणाला, ‘काका, काम तर संपलं. पुढच्या आठवड्यात मॅडमना मोकळं करूया.’”

मी पर्स खाली ठेवली. हसू आलं की रडू, ते आजही नक्की सांगता येणार नाही. पण सोमवारी मी पावणेनऊलाच दारात उभी होते, आणि ऑफिसचं कुलूप अजून उघडायचं होतं.