चौकटीवरची वाकडी डबी

माझे वडील सुतार. अलिबागजवळच्या आमच्या गावात निम्म्या घरांच्या चौकटी त्यांच्या हातच्या. त्यांच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि हे सांगताना मी कधी आवाज खाली केला नाही. अमेरिकेत शिकायला आले तेव्हा मात्र आवाजच गेला.

२००४चा हिवाळा, शिकागोजवळचं कॉलेज. धर्मांच्या इतिहासाचा विषय घेतला होता. सेमिस्टर संपत आलं तरी वर्गात मी तोंड उघडलं नव्हतं. इंग्रजी कळायचं, पण वाक्य जुळवेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असायची. शेवटी प्रोफेसर बाईंनी बोलावून स्पष्टच सांगितलं, "रविवारी आपण सिनगॉग बघायला जातोय. तिथे सगळ्यांसमोर काहीतरी बोल. नाहीतर तोंडी गुण शून्य." म्हणजे नापास, म्हणजे स्कॉलरशिप बंद, म्हणजे परत घरी.

बसमध्ये शेजारी पुण्याची वर्गमैत्रीण होती.

"एवढं काय यार? रेस्टरूम कुठे आहे ते विचार. तोही प्रश्नच."

"तो तू विचारशीलच."

मी एक प्रश्न कागदावर लिहून आणला होता. कोटाच्या खिशात त्याची घडी मऊ पडली होती.

ज्यूंच्या त्या प्रार्थनाघराच्या दारात एक आजोबा उभे होते, डोक्यावर छोटी गोल टोपी. माहिती तेच देणार होते. मी सगळ्यांच्या मागे. तेवढ्यात उजव्या चौकटीवर बोटभर लांबीची धातूची डबी दिसली. ही तर माझ्या ओळखीची! आमच्या शेजारची मावशी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या घरातली. तिच्या दारावर अशीच डबी होती, आत प्रार्थनेची चिठ्ठी. येता-जाता ती डबीला हात लावून बोटं ओठांना टेकवायची. तिची चौकट कुजली तेव्हा वडिलांनी नवी करून दिली आणि डबी ओळंबा लावून सरळ बसवली. दोरी मी धरली होती.

आणि ही डबी तिरपी! वरचं टोक आत झुकलेलं.

"हे वाकडं बसलंय," मी इंग्रजीत मोठ्यांदा म्हणाले. "स्क्रू ढिला झालाय बहुतेक."

सगळे वळले. मैत्रिणीने डोळे मिटून घेतले. "गेली ही."

आजोबा दाराला धरून हसले. म्हणाले, "उभी बसवायची की आडवी, यावर आमच्यात जुना वाद. म्हणून मधला मार्ग, तिरपी. पण सरळ असते हे तुला कोणी सांगितलं?"

"माझ्या वडिलांनीच बसवलीय."

मग कागद खिशातच राहिला. मावशी सांगितली, वडिलांचा ओळंबा सांगितला, शनिवारचा बंद घाणा सांगितला, तिच्याकडचा मलिदा सांगितला: गूळ-खोबरं घातलेले पोहे, वर फळं, आणि पाटावर बसलेली आम्ही आळीतली पोरं. काळ चुकले, क्रियापदं चुकली. कोणी थांबवलं नाही.

"भारतात? समुद्रकाठी? कधीपासून?" आजोबा.

"मावशी म्हणते, त्यांचे पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला आले तेव्हापासून."

परतताना बाई म्हणाल्या, "गुणांचं झालं. आता पुढच्या आठवड्यात वर्गात अर्धा तास तुझा." मी वार विचारून घेतला.

घरी फोन केला. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं.

"वाद मिटवायला तिरपी बसवली होय? मग चालेल," ते म्हणाले. "पण ओळंब्याचं सांगितलंस ना त्यांना?"

"सांगितलं. सगळ्यांसमोर."