किरकोळ दुरुस्ती

१२ जानेवारी, सोमवार. आजचं काम – लायब्ररीतून जुन्या सेन्सरचा भाग काढून टाकणे. स्वयंपाक उरकून दहाला बसले. दुपारपर्यंत संपायला हवं होतं. चार वाजले, आणि मी एका ओळीवर अडकून आहे. ती ओळ का पुसवत नाही, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते.

आधी लायब्ररी म्हणजे काय ते. पुस्तकांची नव्हे. प्रोग्राम लिहिणारे लोक प्रत्येक गोष्ट नव्यानं लिहीत नाहीत; कुणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड आपल्या प्रोग्रामला जोडतात. तसा एक संच मी लिहिलाय आणि बरीच वर्षं सांभाळतेय. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या पुष्कळ. त्यांच्या थंड गोदामांत तापमान सांगणारे सेन्सर असतात. जुने सेन्सर एका स्टँडर्डनं बोलतात, नवे दुसऱ्या. कंपनीच्या प्रोग्रामला त्याचं सोयरसुतक नसावं. सेन्सर कुठलाही असो, उत्तर एकाच तऱ्हेनं मिळावं – एवढंच माझ्या लायब्ररीचं काम.

नव्या स्टँडर्डमध्ये एक चांगली सोय आहे. प्रत्येक आकड्यासोबत शेरा द्यावा लागतो – ताजा की शिळा. सेन्सरनं आत्ता उत्तर दिलं असेल तर ताजा. त्यानं उत्तर दिलं नाही आणि आपण मागचाच आकडा पुढं केला, तर शिळा. जुन्या सेन्सरना ही भानगड ठाऊकच नव्हती. ते मधूनच गप्प व्हायचे, दोन-चार सेकंद, आणि पुन्हा बोलायला लागायचे. तेवढ्यात शिळा शेरा गेला की कंपनीच्या ऑफिसात भोंगा वाजायचा. दिवसातून कैकदा. लोक वैतागले, मला फोनवर फोन. तेव्हा मी एक ओळ लिहिली – जुना सेन्सर गप्प असेल तर मागचा आकडा दे, आणि शेरा दे, ताजा.

किती वेळपर्यंत? ते लिहिलंच नाही. चार सेकंदांसाठीची ओळ, पण तिला शेवट नव्हता. शेजारी टीप टाकली – तात्पुरतं. भोंगा थांबला. नव्या स्टँडर्डच्या चाचणीत लायब्ररी पास झाली.

ही चूक. पण कबूल करायचंय ते हे नाही. चुका सगळ्यांच्या होतात; तेवढ्यासाठी मी लिहायला बसले नसते.

रफीकभाई एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीचं गोदाम सांभाळायचे. मूळ वडीगोद्रीचे, पन्नाशीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. संगणक यायच्या आधीपासून ते दिवसातून तीनदा काचेचा थर्मामीटर घेऊन आत जात आणि वहीत आकडा लिहीत. प्रोग्राम बसल्यावर त्यांना कुणी थांबवलं नाही. वही मात्र कुणी बघेनासं झालं. मी गेले की थट्टा करायचे – "मॅडम, तुमचं मशीन भारी आहे. स्वेटर लागत न्हाई त्याला." मी हसायचे. मला ते आवडायचे – हे लिहून ठेवते, कारण त्यानं माझी बाजू सुधारत नाही.

नऊ वर्षं झाली. मे महिना. मागच्या खोलीतल्या कूलिंगचा गॅस उतरला. मशीन घरघरत होतं, पण गारवा नाही. आणि त्याच आठवड्यात तिथल्या जुन्या सेन्सरची वायर ढिली झाली. तो गप्प झाला. ऑफिसातली स्क्रीन दाखवत राहिली – ११.४, ताजा. आत पारा चढत होता. रफीकभाईंनी वहीत अठरा लिहिलं, मग बावीस, मग सत्तावीस. सुपरवायझरला दोनदा जाऊन सांगितलं. त्यानं स्क्रीन बघितली आणि त्यांना नवा चष्मा घ्यायला सांगितलं. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी दुसऱ्याच कामाला आलेल्या वायरमनचा धक्का लागून सेन्सर बोलला, स्क्रीनवर चढलेला पारा दिसला आणि भोंगा वाजला.

आत कांद्याचं बी होतं. कांद्याचं बी फार नाजूक, त्याला ऊब आणि ओल दोन्ही सोसत नाहीत. उगवण तपासली तर बरंचसं उगवलंच नाही. मग शोध सुरू झाला. स्क्रीन म्हणत होती, आठ दिवस सगळं ठीक होतं, कूलिंग नवव्या दिवशीच बिघडलं; आणि एका दिवसात एवढं बी मरत नाही. म्हणजे रफीकभाईंनी दार उघडं ठेवलं असणार, ओल शिरली असणार, आणि अंगाशी आल्यावर वहीतले आकडे मागाहून लिहिले असणार.

मला बोलावलं. मॅनेजर, सुपरवायझर, वही मांडीवर घेऊन बसलेले रफीकभाई, आणि मी. मॅनेजर म्हणाले, आठ दिवसांची नोंद काढून बघा, मशीन चुकलंय का सांगा.

मी लॅपटॉप उघडला. ११.४. ११.४. ११.४. पानामागून पान. खोलीचं तापमान कधी असं राहतं का? माणूस आत गेला तरी दशांश हलतो. एका नजरेत कळलं. शेरे कसे लागले, तेही कळलं. माझी टीप आठवली – तात्पुरतं.

मी लॅपटॉप त्यांच्याकडं फिरवला नाही. एवढंच. हेच ते. एक हात लांबवायचा होता – पान बघितलं असतं तर शाळेतल्या पोरालाही समजलं असतं. मी लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, "सगळे आकडे ताजे आहेत. मशीन मागाहून लिहीत नाही."

रफीकभाईंनी वही पिशवीत ठेवली. उठताना माझ्याकडं बघितलं – सुपरवायझरकडं नाही, माझ्याकडं.

"मी आत जाऊन पाह्यलं होतं, मॅडम."

त्या महिन्यात त्यांना काढलं. खोट्या नोंदी करणारा माणूस, असं नाव झालं. एमआयडीसीत पुन्हा कुठल्या गोदामानं त्यांना उभं केलं नाही.

का बोलले नाही? आणखी तीन कंपन्या माझी लायब्ररी घेणार होत्या. जुनं-नवं जुळवून देणारी बाई म्हणून माझं नाव होत होतं. ते जाईल अशी भीती वाटली – हो, वाटली. पण भीती काय, रफीकभाईंनाही वाटलीच असेल. तरी त्यांनी खरा आकडा लिहिला.

त्याच संध्याकाळी मी ती ओळ सुधारली. सेन्सर पाच सेकंदांपेक्षा जास्त गप्प राहिला, तर शेरा शिळा. नवी आवृत्ती सगळ्यांना पाठवली. आवृत्तीसोबत काय बदललं याची यादी जाते. तिच्यात लिहिलं – किरकोळ दुरुस्ती.

पुढं एकदा बीडला जाताना बस वडीगोद्रीला थांबली. हायवेलगतच्या पंक्चरच्या दुकानापुढं ते बसले होते. चष्मा तोच. त्यांनी मान वर करून बसकडं बघितलं. मी पदर सारखा केला आणि पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले – तिकडं बघण्यासारखं काहीच नव्हतं.

आता जुने सेन्सर कुठंच उरलेले नाहीत. तो भाग काढणं बरोबरच आहे, कुणीही काढला असता. ओळ जाईल. पण आजच्या यादीत तिच्यापुढं काय लिहू – निरुपयोगी भाग काढला?

१३ जानेवारी, मंगळवार. ओळ सकाळी काढली. मग नऊ वर्षांपूर्वीची यादी उघडली आणि 'किरकोळ दुरुस्ती' खोडून लिहिलं – याआधी जुना सेन्सर बंद पडला तरी ही लायब्ररी मागचंच तापमान ताजं म्हणून देत असे. एका गोदामात असं आठ दिवस झालं. तिथल्या गोदामपालाच्या वहीतले आकडे खरे होते. हे मला तेव्हाच कळलं होतं आणि मी ते लपवलं. खाली माझं नाव. लायब्ररी वापरणाऱ्या सगळ्यांना पाठवलं, त्या मॅनेजरला वेगळं. नवऱ्याच्या हातात एक प्रत दिली, एक पर्समध्ये ठेवली आणि वडीगोद्रीला जाणारी साडेनऊची बस धरली.

रफीकभाई दुकानातच होते. ट्यूब पाण्यात दाबून धरली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि कागद दिला. त्यांनी हात पुसले, कागद लांब धरून दोनदा वाचला.

"मंग सत्तावीस बराबर होतं?"

"बराबर होतं."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि ट्यूब पुन्हा पाण्यात धरली. मी रस्ता ओलांडून जालन्याच्या बसची वाट बघत उभी राहिले.