विमानाचं बटण आणि आबांची रिंग

पिकअपमध्ये शिलाई मशीन चढली, दोरी आवळून झाली, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला, तरी आबा मला निघू देईनात. आबा म्हणजे माझे सासरे. ओट्यावर बसून त्यांनी आपला बटणांचा फोन तळहातावर धरला होता आणि म्हणत होते, आधी एकदा वाजवून दाखव. मी त्यांच्यापासून चार हातांवर उभी. तिथूनच त्यांना मिस कॉल दिला. फोन वाजला, बंद झाला, मग त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "एक रिंग म्हणजे बठ्ठं बरं शे. दोन म्हणजे बोलनं शे. उगाच उचलू नको."

एकीत सगळं बरं, दोनीत बोलायचंय, एवढाच आमचा निरोप. माझी मुलगी मोना पुढे ड्रायव्हरशेजारी कानात हेडफोनची बोंडं घालून बसली होती. तिला धुळ्याच्या कॉलेजात ॲडमिशन मिळालं, पारोळ्यापलीकडच्या आमच्या गावाहून रोजचं जाणं-येणं झेपेना, म्हणून मी तिच्यासोबत निघाले. आमचे हे रावेरहून केळीचा ट्रक घेऊन उत्तरेकडे जातात, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावरच. सासूबाई जाऊन तीन वर्षं झालेली. म्हणजे मागे राहिले एकटे आबा. शेजारच्या अक्कांनी दोन वेळची भाकरी द्यायची कबूल केली. गल्लीतल्या बायांनो, म्हाताऱ्याला टाकून गेली असं तुम्ही माझ्यामागे म्हणालात, ते माझ्यापर्यंत पोचलं. खोटं कशाला सांगू, मीही स्वतःला तेच म्हणत होते.

धुळ्यात दिवेलागणीला फोन एकदा वाजायचा. आबा जेवले, गोळी घेतली, ओट्यावर बसले, हे सगळं त्या एका रिंगमध्ये. मी उलट एक रिंग द्यायची. मोना हसायची. आता बोलणं फुकट आहे, मग बोला की, म्हणायची. पण आबांना फोनवर बोलता येत नाही. समोर माणूस नसला की त्यांचा घसा बसतो. सासूबाई गेल्या तेव्हा पाहुण्यांना कळवण्यापुरते ते फोनवर बोलले, त्यानंतर नाही. आम्हाला ती रिंग पुरत होती.

घोळ झाला तो माझ्या नव्या फोनपायी. आमची खोली तळमजल्यावर, रेंज फक्त खिडकीशी. म्हणून मालकीणबाईंनी आपल्या वाय-फायचा पासवर्ड दिला, आणि तिथून माझ्या डोक्याचा भुगा सुरू झाला. नेट वेगळं, नेटवर्क वेगळं. काड्या चारही दिसतात तरी नेट नाही. काडी एकही नाही तरी मोनाच्या आत्याचे फोटो येतात. फोर-जी, फाइव्ह-जी, त्यात एक छोटंसं इंग्रजी अक्षरांचं चिन्ह, ते कधी असतं कधी नसतं. राउटर नावाचा डबा भिंतीवर, तो बंद करून चालू केला की बरा होतो म्हणे. का बरा होतो, हे मालकीणबाईंनाही माहीत नाही. ब्लाउजला पट्टी लावता लावता मी विचारायची आणि मोना पुस्तकातून डोकं न काढता सांगायची. शेवटी वैतागून म्हणाली, "मम्मी, नेटवर्क म्हणजे महापालिकेचा नळ आणि वाय-फाय म्हणजे मालकीणबाईंची बोअर. बस्स."

हे मला पटलं. धुळ्यात नळाची वाट बघणाऱ्या बाईला ते पटणारच. आणि पटलं तिथंच मी फसले.

तेवढ्यात आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला आपल्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. सासूबाईंची घागर मी भरायची. पण मोनाची परीक्षा अगदी त्याच आठवड्यात, आणि तिला एकटं सोडायचा माझा जीव होईना. मी आबांना फोन करून, चक्क बोलून, येत नाही म्हणून सांगितलं. ते फक्त "हं" म्हणाले. घागर अक्कांनी भरली. सांजोऱ्या कुणी केल्या, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी फोनवर आलं की डेटा संपत आलाय. मोनाने सांगितलं, वाय-फाय आहे ना, मग डेटा बंद करून ठेव, वरून खाली ओढलं की बटण दिसतं. मी वरून खाली ओढलं. तिथं बटणंच बटणं. एक दाबलं. वरच्या काड्या गेल्या, छोटं विमान आलं. पंख्याच्या आकाराचं वाय-फायचं चिन्ह मी पुन्हा लावून घेतलं. फोटो आले, मेसेज आले, ह्यांचा ट्रकमधून व्हिडिओ कॉलसुद्धा लागला. म्हटलं, झालं. नळ बंद, बोअर चालू, पाणी ते पाणीच. डेटा तर एक थेंब जाईना. मालकीणबाईंना सांगितलंसुद्धा, बघा, मलाही येतं.

त्या संध्याकाळी आबांची रिंग आली नाही.

मला वाटलं, रुसले. आखाजीचा राग काढतायत. दुसऱ्या दिवशीही नाही. मग मलाही राग आला. नातीची परीक्षा आबांना दिसू नये? म्हटलं, बघू कोण आधी वाजवतं. काळजी वाटत नव्हती असं नाही. पण आबांना काही झालं असतं तर अक्कांनी ह्यांना कळवलं असतं, असं मनाला सांगत मी मशीन चालवत राहिले. सहा दिवस. किती मूर्ख बाई असेन मी.

सातव्या दिवशी मोनाचा शेवटचा पेपर. पाच वाजता ती कॉलेजच्या गेटबाहेर आली, तर समोरच्या रसवंतीच्या बाकावर आबा. डोक्याला उपरणं, हातात फोन, मे महिन्याचं धुळ्याचं ऊन. सकाळच्या एसटीने आले होते. धुळ्यात आमचं घर कुठं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. नात कुठल्या कॉलेजात शिकते हे मात्र त्यांनी साऱ्या गावाला सांगून पाठ केलेलं, म्हणून रिक्षावाल्याला तेच नाव सांगितलं आणि गेटसमोर बसून राहिले. मोनाचा नंबर त्यांच्याकडे नव्हता, आणि येण्याआधी कुणाला विचारलं नाही, अक्कांनाही नाही. सुनेचा फोन लागत नाही हे गावाला कळलं असतं ना.

रिक्षातून उतरून ते दारात उभे राहिले, तेव्हा मी खिडकीशी शिवत होते. शेजारी फोन टिंग टिंग वाजत होता, कुणाकुणाचे मेसेज येत होते. आबांनी आधी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "फोन लागस नही," ते म्हणाले, "मंग मी उनू." लागेना, म्हणून स्वतःच आले होते.

मोनाने फोन उचलला आणि कपाळाला हात लावला. मम्मी, हा फ्लाइट मोड आहे, तू फोनच विमानात बसवून ठेवलायस. तिने ते बटण काढलं. काड्या आल्या आणि पाठोपाठ, तुमचा फोन बंद असताना कोणी कोणी कॉल केला, ते मेसेज. आबांचा नंबर. सहाही दिवस दिवेलागणीला. पहिल्या दिवशी एकदा. पुढे दोनदा, दोनदा, दोनदा. आणि त्या दिवशी सकाळपासून मोजायचं धाडस होईना इतक्यांदा.

मी त्यांना समजवायला लागले. नळ, बोअर, विमान, डेटा. मलाच जे कळलं नव्हतं ते त्यांना काय कळणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे तू घरमाच व्हती?"

मी रडले. मोनासमोर, मालकीणबाई दारात उभ्या असताना, मोठमोठ्यानं रडले. हो आबा, घरातच होते, म्हटलं. मला वाटलं तुम्ही रुसलात. तर म्हणाले, "माले वाटनं, तू रागे भरनी."

दोन दिवस राहिले. जाताना स्टँडवर त्यांनी खिशातून पेन काढलं. "पत्ता लिखी दे." मी पेन हातात घेतलं. मला पत्ता येत नव्हता. दहा महिने ज्या घरात राहते त्याचा नंबर मला ठाऊक नाही. मोनाने मालकीणबाईंना फोन लावला, त्यांनी लाइट बिलावर बघून सांगितला, तेव्हा मी तो एसटीच्या तिकिटामागे लिहिला. गाव सोडताना सगळ्यांना नंबर देऊन आले होते मी. कुठं राहते, हे एकालाही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं म्हणा, पण सुनेनं सांगायला नको?

आता मोनाने वाय-फाय कॉलिंग नावाचं आणखी एक चालू करून दिलंय. ते काय आहे, विचारू नका. बोअरमधून नळाचं पाणी येतं म्हणे.

म्हणून गल्लीतल्या बायांनो, आणि माझ्यासारख्याच पोरांच्या शिक्षणापायी गाव सोडून आलेल्यांनो, मी तुम्हाला पत्ता देते. पाण्याच्या टाकीपासून डावीकडची गल्ली, पिठाची गिरणी, तिच्यामागचं तळमजल्याचं हिरव्या दाराचं घर. माझं घर कुठं, असं कुणी विचारलं तर इतके दिवस गावाचं नाव सांगत होते, आता हेही सांगते. फोन लागो न लागो, सरळ या आणि दार वाजवा. मी घरातच आहे.