शंभर किलोचा फरक

दिसेल त्या वस्तूचं वजन नुसत्या नजरेनं सांगणारा आणि स्वतःच्या वजनापुढे मात्र ठार आंधळा होणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या वाट्याला आला आहे. हे माझे भाऊजी. लाखनीच्या बाहेर, हायवेला लागून एक धर्मकाटा आहे. धानाचे ट्रक, गिट्टीचे टिप्पर, ट्रॅक्टर सगळे तिथे येऊन उभे राहतात आणि काचेच्या खोलीत बसलेला एक भला थोरला माणूस कंप्युटरवर त्यांचं वजन बघून पावती फाडतो. बावीस वर्षं हेच काम केल्यामुळे त्यांच्या डोक्याचाच काटा झाला आहे. घरी पाहुणा आला की भाऊजी आधी "या" म्हणत नाहीत. पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघतात आणि ताईच्या कानाशी, पण ओसरीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "पाऊण क्विंटल. दोन किलो इकडेतिकडे." माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी नवरदेवाकडे बघून "बासष्ट, टिकाऊ माल आहे" असा निकाल दिला होता. त्याच मांडवात माझ्या सासूबाईंचं वजनही त्यांनी जाहीर केलं, आणि त्याची भरपाई मी आजपर्यंत करते आहे.

धानाच्या हंगामात तर त्यांच्या जिभेला लगामच नसतो. कुणी घाईघाईत ओलं धान भरून आणलं की खिडकीतून मुंडकं काढून विचारतील, "पाणी तोलायले आणलं का धान, बाप्पा?" कुणी सांगितलं की एका दिवसाच्या कडक उन्हात वाळवून टाकलं, तर त्याचीही खैर नाही. "तडकलं असन ते आतून. गिरणीत गेलं का सारी कणीच होईन. धानाले सावकाश वाळू द्याव लागते." शेतकरी ऐकून घेतात, कारण माणूस खोटा नाही. पावतीवर एक किलो इकडचा तिकडे केल्याचं कुणी आजवर म्हटलेलं नाही. आणि मला राग येतो तो याच गोष्टीचा. जो माणूस दुसऱ्याच्या पोत्यातलं पाणी लांबून ओळखतो, त्यानं स्वतःच्या बाबतीत इतकं गाढव व्हावं?

भाऊजींचं स्वतःचं वजन एकशे पाच. धानाच्या देशात भाताला नाही म्हणणं त्यांना पाप वाटतं. लाखोळीच्या डाळीसोबत भाताचे तीन डोंगर, वर तांदळाची भाकर, आणि मग "आता थोडंसं जेवतो" असं म्हणून दहीभात. चार वर्षांपूर्वी शुगर निघाली. डॉक्टरांनी रोजची गोळी दिली. या दिवाळीनंतर दाखवायला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत सहा-सात किलो उतरवा, सावकाश उतरवा, जेवण कमी करायच्या आधी मला भेटा, गोळीचा डोस बघावा लागेल. भाऊजी घरी येऊन म्हणाले, "सहा महिने? एवढ्यात तं पीक निघते."

आणि मग तो कोच आला. कोच म्हणजे काय, तर आधी मोबाईलचे कव्हर विकायचा आणि आता लोकांचं पोट विकत होता. त्याचा फोनवर एक ग्रुप होता. एकवीस दिवसांत पंधरा किलो. सकाळी पावडर, संध्याकाळी पावडर, मधे काकडी आणि गरम पाणी. ग्रुपवर दिवसभर ढेरीवाल्या आणि बिनढेरीच्या माणसांचे जोडफोटो पडत. त्या जोडफोटोत एकाच्याही बनियनचा रंग बदललेला नव्हता आणि मागच्या कॅलेंडरचं पानही. मी भाऊजींना दाखवलं. ते म्हणाले, "गरीब असन बिचारा. एकच बनियन असन."

आता माझ्याबद्दल एक वाक्य सांगते, कारण ते सांगायचा मला हक्क आहे. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. बीएस्सी झाले, आज लाखनीतल्या शाळेत विज्ञान शिकवते. पोषण आणि पचन हा धडा मी दरवर्षी शिकवते. म्हणून भाऊजींनी पावडर सुरू केली त्या रविवारी ताईच्या घरी मी पावडरचा डबा हातात घेतला आणि शाळेत पोरांना विचारते तसं विचारलं. यात काय आहे? दिवसाला पोटात किती अन्न जाणार? हे सांगणाऱ्यानं तुमची शुगर विचारली का? गोळीचं काय करायचं म्हणाला?

"गोळी चालू ठेवा म्हणे. आपला काही संबंध नाई म्हणे तिच्याशी."

"भाऊजी, गोळी शुगर खाली ओढते. वरून तुमी जेवणच बंद करून राहिले. मंग ती किती खाली ओढन?"

"तू लय शिकली," भाऊजी म्हणाले, आणि हे त्यांनी कौतुकानंच म्हटलं, म्हणून आणखी संताप झाला.

"बरं. समजा एकवीस दिवस झाले. बाविसाव्या दिवशी काय खासान?"

भाऊजींनी फोन काढून कोचलाच विचारलं. कोचचं उत्तर लगेच आलं: बाविसाव्या दिवसापासून दुसरी बॅच. मी डब्याच्या मागची मुंगीएवढी अक्षरं खिडकीशी नेऊन वाचली. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, असं तिथेच छापलेलं होतं. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. भाऊजी म्हणाले, "बारीक अक्षरं बारीक लोकांसाठी असतात." आणि ग्लासात पावडर ढवळायला लागले. ताई भांडी घासत होती. त्या दिवशी पातेल्याचं बूड तिनं दोनदा घासलं.

मी इतकी का तळपायापासून पेटले होते, ते सांगायला हवं. मला कॉलेजात घालणारा माणूस हाच. आमचं गाव लाखांदूरकडे. बारावीनंतर बाबा म्हणाले, पुरे झालं. हे भाऊजी, दहावी शिकलेले, आमच्या ओसरीवर बसून बाबांना म्हणाले, "मामाजी, काट्यावर मले रोज दिसते. वाचता येते तो पावती वाचते. वाचता येत नाई तो माह्या तोंडाकडे पाहते. मी खोटा असतो तं त्याचं काय झालं असतं? पोरीले शिकू द्या. माह्या घरी राहीन." तीन वर्षं मी ताईकडे राहिले. पहिल्या दिवशी कॉलेजात सोडायच्या आधी भाऊजींनी मला धर्मकाट्यावर उभं केलं. हा काटा ट्रकांचा. तो दहा-दहा किलोंनीच मोजतो, मधलं काही त्याला दिसत नाही. माझं वजन तेव्हा अडतीस. काटा म्हणाला चाळीस. भाऊजींनी रीतसर पावती काढली. कंप्युटरला माल कोणता ते सांगावंच लागतं, आणि त्यात धान, तांदूळ, गिट्टी, रेती एवढंच आहे, म्हणून माल: धान. पावती माझ्या हातात देऊन म्हणाले, "दोन किलो काट्यानं जास्तीचे देले. ते भरून काढ." त्या दिवसापासून माझा डबा ताईनं भरला तरी झाकण लावायच्या आधी ते बघत, आणि स्वतःच्या ताटातली एक भाकर त्यात कोंबत.

अशा माणसानं मला म्हणावं, वाचलेलं बाजूला ठेव.

चौथ्या दिवशी तर त्यांनी कमालच केली. शाळेतून परतताना मला काट्यावर बोलावलं आणि दोन पावत्या टेबलावर ठेवल्या. पहिल्या दिवसाची: माल धान, वजन एकशे दहा. चौथ्या दिवसाची: माल धान, वजन शंभर. "तीन दिवसांत दहा किलो," म्हणाले. "काटा खोटं बोलत नाई." मी कपाळावर हात मारला. एकशे पाचाच्या थोडं वरचं वजन काट्यानं एकशे दहा दाखवलं होतं, आता ते एकशे पाचाच्या थोडं खाली आलं तर शंभर दाखवलं. किलोभर उतरलं असेल, फार तर दीड. काटा दहाच्या टप्प्यानं उडी मारतो हे ते ड्रायव्हरांना बावीस वर्षं समजावून सांगत आले होते. पण ती पावती त्यांनी खिशात घडी घालून ठेवली, चहावाल्याला दाखवली, आणि ग्रुपवर टाकली. कोचनं टाळ्या वाजवणारे हात पाठवले.

आणि गाव. गावाचा राग मी सोडणार नाही. जो भेटे तो म्हणे, "वा भाऊ, बारीक दिसून राहिले." चेहरा उतरला होता, हात थरथरायचे, एकच पावती दोनदा फाडायचे, आणि लोक म्हणत वा. ताईनं मला हळूच सांगितलं की ते दुपारी बसल्या-बसल्या डुलतात, घाम येतो, विनाकारण चिडतात. मी म्हटलं, गोळीबद्दल डॉक्टरांना फोन कर. ती म्हणाली, "ते नाराज होतीन." आणि मी, बीएस्सी झालेली मी, शाळेच्या परीक्षांचे पेपर तपासत बसले आणि उद्या बघू म्हणाले. हा रागही यात धरा.

नवव्या दिवशी दुपारी काट्यावर एक म्हातारा ड्रायव्हर धान उतरवून रिकामी गाडी तोलायला आला होता. भाऊजी गाडी नीट उभी आहे का ते बघायला खोलीतून बाहेर आले, मागच्या बाजूनं फिरले, आणि मागच्या चाकाजवळ काट्याच्या पत्र्यावरच बसले. मग आडवे झाले. आवाज नाही, हाक नाही. ड्रायव्हरला ते आरशात दिसत नव्हते. भरलेली दुसरी गाडी समोर लागली होती आणि तिला जागा द्यायला तो गाडी मागे घेऊन बाजूला काढणार होता. गिअर टाकायच्या आधी त्यानं सवयीनं बाहेरच्या लाल आकड्यांकडे बघितलं.

त्याच्या रिकाम्या गाडीचं वजन नेहमी नव्वद क्विंटल चाळीस भरायचं, ते त्याला पाठ होतं. त्या दिवशी बोर्डावर एक क्विंटल जास्त होता.

त्यानं इंजिन बंद केलं आणि भांडायला खाली उतरला. "कोन चढलं बे काट्यावर? शंभर किलो कायचे?" असं ओरडत तो गाडीला वळसा घालून मागे आला, आणि चाकापासून हातभर अंतरावर त्याला ते शंभर किलो सापडले. घामानं भिजलेले, पांढरे पडलेले, काहीतरी पुटपुटणारे. त्यानं त्यांना ओढून बसतं केलं. चहावाला धावला. ड्रायव्हर शुगरच्या आजारातला जाणता होता, त्याची बायकोही तीच गोळी घेत होती. भाऊजींना गिळता येतं आहे असं बघून त्यानं चमचा-चमचा साखरेचं पाणी पाजलं आणि त्याच गाडीत घालून दवाखान्यात आणलं. मला फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात होते. खडू हातात घेऊनच पोचले.

शुगर फार खाली गेली होती. डॉक्टरांनी सलाईन लावलं, गोळी थांबवली आणि ताईसमोर सांगितलं की आणखी अर्धा तास कुणी बघितलं नसतं तर काय झालं असतं ते मी बोलत नाही. दवाखान्याच्या काट्यावर वजन भरलं एकशे एक. चेहऱ्यावर थोडा रंग आल्यावर भाऊजींनी सगळ्यात आधी तेच विचारलं. ऐकून म्हणाले, "चार किलो तं उतरलेच ना."

मी खुर्ची ओढून खाटेला लावली. मला रडू येत होतं, म्हणून मी आवाज चढवला.

"भाऊजी, ओलं धान आज तोललं. आठ दिवसांनी तेच पोतं कमी भरलं. दाणे कोणी खाल्ले?"

"कोणी कायले खाईन? पाणी गेलं."

"मंग तुमचे चार किलो कुठं गेले?"

डॉक्टर दाराशी थांबून ऐकत होते. म्हणाले, मॅडम बरोबर सांगतात, पहिल्या आठवड्यात बरंचसं पाणीच जातं, आणि अशी उपासमार चालली तर मग अंगातलं मासही जातं. चरबी सावकाश उतरते. आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी भरपूर.

"आन् एका उन्हात घाईनं वाळवलेलं धान," मी म्हटलं, "त्याचं काय होते, तेही सांगा डॉक्टरसाहेबांले."

ताईनं भाऊजींचा सलाईन नसलेला हात धरला होता. ते, काट्याच्या खिडकीतून शेतकऱ्याला सांगतात तसं नाही, अगदी हळू आवाजात म्हणाले, "कणी होते."

ग्रुपमधून मीच त्यांना काढलं. कोचला चार शब्द लिहिले, ते इथे छापण्यासारखे नाहीत. त्याचं उत्तर आलं, भाऊंचा विश्वास कमी पडला. एवढ्यानंही माझा राग गेला नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं. लाखनीत अजून किती घरांत तो डबा आहे कोण जाणे.

आता चार महिने झाले. डॉक्टरांनी नवीन गोळी दिली आहे आणि जेवण ठरवून दिलं आहे. दर रविवारी भाऊजी घरातल्या छोट्या काट्यावर माझ्यासमोर उभे राहतात. पाच किलो उतरलं. कधी पाव किलो, कधी काहीच नाही, एकदा तर लग्नसराईत वाढलंही. शाळा काट्यापासून जवळ आहे, म्हणून एकच्या सुट्टीत मी डबा घेऊन जाते: एक भाकर, वाटीभर वरण, भाजी भरपूर, आणि भात मूठभर. तो संपेपर्यंत मी समोर बसते. कारण उपाशी राहायची हुक्की कधी येईल सांगता येत नाही. परवा पावत्यांचा कप्पा उघडताना त्यांच्या हाताला एक जुना कागद लागला. शाई उडाली आहे. माल: धान एवढंच दिसतं, आकडा गेला. ती माझ्या कॉलेजच्या पहिल्या दिवसाची: पावती मला दिली, आणि दुसरी प्रत स्वतःकडे ठेवून घेतली होती, वीस वर्षं. त्यांनी कागद परत आत सारला आणि मीही काही न पाहिल्यासारखं केलं.

"या चालीनं तं मी म्हातारा होऊन जाईन," भाऊजी भाकर मोडत कुरकुरले.

"व्हा ना," मी म्हटलं. "त्याच्यासाठीच तं डबा आणते."

बाहेर ट्रकनं हॉर्न दिला. भाऊजींनी खिडकीतून मुंडकं काढलं आणि म्हणाले, "थांब बाप्पा. जेवून राहिलो."