तोंडचा घास

मामंजी गोष्ट सांगायला लागले की समोरच्यानं चहाला हात लावायचा नाही, असा आमच्या घरातला कायदा आहे. चहा गार होवो, त्यावर साय धरो, गोष्ट मधे तोडायची नाही. मामंजी म्हणजे माझे सासरे. आता कुणी सासऱ्यांना मामंजी म्हणत नाही, पण लग्नात जीभ वळली ती वळली. ते सातारा जिल्ह्यातल्या एका गावात जन्मभर शाळामास्तर होते, आणि गोष्टी सांगणं हा त्यांचा खरा धंदा. मास्तरकी आपली पगारापुरती. गणपतीत त्यांची कथा असली की पलीकडच्या आळीतल्या ऑर्केस्ट्रासमोर नुसत्या खुर्च्या उरायच्या. हे ते स्वतःच सांगतात, पण खोटं नाही, मी पाहिलंय.

सासूबाई गेल्यावर ते गावी एकटेच राहत होते. एके दिवशी अंगणात पडले आणि शेजाऱ्यांचा फोन येईपर्यंत आम्हाला पत्ताही नव्हता. त्यानंतर माझ्या नवऱ्याच्या हातातून मोबाइल सुटेना. शेवटी तो जाऊन त्यांना गाझियाबादला घेऊन आला. दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नुकतेच इथं आमच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो होतो. मी त्यांच्यासाठी गाद्या केल्या, रजई आणली, हीटर आणला, बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवल्या. म्हातारा माणूस सुखात राहील एवढं सगळं केलं, असं मला वाटत होतं.

आले त्या आठवड्यात त्यांनी पानिपतला लढाईचं स्मारक, काला अंब, बघायचा हट्ट धरला. तिथं महाराष्ट्रातून आलेली एक बस उभी होती. आम्ही पार्किंग शोधतोय तोवर मामंजी त्या माणसांच्या मधोमध उभे राहून हात उंचावून लढाई सांगत होते. बायका पदर डोळ्याला लावत होत्या, आणि एका गृहस्थानं मला विचारलं, "गाइड तुमचे का?" दिल्लीत आल्यापासूनचा त्यांचा तेवढाच एक आनंदाचा दिवस. ती बस निघून गेली आणि आम्ही घरी आलो.

घरी ऐकणार कोण? नवरा ऑफिसातून येतो तो अर्धा झोपलेलाच. मी मेट्रोतून लोंबकळत येते आणि आल्या आल्या कुकर लावते. सोसायटीतले बाकीचे म्हातारे सगळे हिंदी बोलणारे, आणि मामंजींचं हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' लावलेलं. एकदा खाली भाजीवाल्याला गवारीच्या शेंगा मागायला गेले. म्हणाले, "भैयाजी, कल तुम्हारे पास गवार था, आज तुम गवार नहीं है क्या?" दिल्लीकडे गँवार म्हणजे अडाणी, हे त्यांना काय माहीत. भाजीवाला वजन हातात घेऊन उभा राहिला. मी धावत जाऊन दोघांचीही माफी मागितली आणि नको असलेला दुधी विकत घेतला. त्या दिवसापासून मामंजींनी हिंदीचं नाव टाकलं.

राहिली आमची लेक. अकरावीत आहे, जन्म दिल्लीतला. तिचं मराठी घरापुरतं, त्यातही निम्मं हिंदी. कणकेला आटा, उन्हाला धूप. त्याला आम्हीच जबाबदार, पण आता बोलून काय उपयोग. मामंजी तिला गोष्ट सांगायला बसायचे आणि दर तिसऱ्या वाक्याला ती विचारायची, "मतलब?" मामंजी समजावायचे, परत सुरू करायचे, परत "मतलब?" एक दिवस ते म्हणाले, "पोरी, गोष्टीला असे गतिरोधक घालतात का?" त्या दिवसापासून तिनं विचारणंच बंद केलं. नुसती मान हलवत ऐकायची. मामंजींना वाटलं, हिला काही कळत नाही आणि आता तिनं ऐकणंही सोडलं.

मग त्यांनी नवऱ्याला बसवून मोबाइलवर परतीचं तिकीट काढायला लावलं. संक्रांत झाली की निघणार. मी चिडले. म्हटलं, "इथं काय कमी आहे तुम्हाला? थंडी सोसवत नाही का?"

"थंडीचं काही नाही, सूनबाई," ते म्हणाले. "तू सगळं करतेस. पण सबंध दिवस तोंड मिटून बसायचं मला जमत नाही. गावी निदान पारावर चार डोकी असतात."

त्यांचं खरं होतं. पण तिकडे पुन्हा पडले तर उचलणार कोण, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. जेवताना नवऱ्याचा हात मधेच थांबायचा. ते जाऊ नयेत असं आम्हाला तिघांनाही वाटत होतं, आणि त्यांना थांबवण्याजोगं आमच्याकडे काही नव्हतं.

अशात लेकीनं परस्पर एक उद्योग केला. सोसायटीच्या हॉलमध्ये एका रविवारी दुपारी वयस्कर मंडळींचा किस्से-कहानीचा कार्यक्रम होता, त्यात तिनं आजोबांचं नाव देऊन टाकलं. मामंजी म्हणाले, "माझं हिंदी ऐकून लोक मला लिफ्टमध्ये घेणार नाहीत." ती म्हणाली, "तुम्ही मराठीतच सांगा. दोन-दोन वाक्यं सांगून थांबा, मी हिंदीत सांगते." मामंजी नको नको म्हणाले आणि लगेच ट्रंकेतून काळा कोट काढून माझ्याकडे इस्त्रीला दिला. मी मनात म्हटलं, एवढं नीट पार पडू दे, कदाचित विचार बदलतील.

रविवारी हॉल भरला. पुढच्या रांगेत कानटोप्या, शाली, गुडघ्यांचे पट्टे. मागं ज्यांना समोशांचा वास लागला होता ते. समोशांचं आणि चहाचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे मी बाजूच्या टेबलाशी उभी, नवरा मागच्या खुर्चीत. लेकीनं माइक घेतला आणि आधी हिंदीत सांगितलं, "ये मेरे दादाजी हैं. मैं इनकी कहानी का अनुवाद करने की चेष्टा करूँगी."

मामंजींची मान गर्रकन माझ्याकडे वळली. "चेष्टा करणार? माझी?"

मी टेबलावरूनच म्हटलं, "प्रयत्न, मामंजी. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न." ते पुटपुटले, "प्रयत्नाला चेष्टा म्हणतात, कठीण आहे," आणि त्यांनी सुरुवात केली. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

गोष्ट त्यांच्या आईची होती. मी ती पाठ केल्यासारखी ऐकलेली. दुष्काळाचं वर्ष, मामंजी लहान, वडील कामाच्या शोधात मुंबईला गेलेले. मामंजींनी आवाज खाली आणला. "त्या दिवशी आमच्या घरात पीठ नव्हतं."

लेक अडखळली. पीठ म्हणजे हिंदीत पाठ, माणसाची. घराला पाठ नव्हती म्हणजे काय, याचा तिनं क्षणभर विचार केला आणि गंभीरपणे म्हणाली, "उस दिन हमारे घर के पीछे दीवार ही नहीं थी."

पुढच्या रांगेतल्या बायका चुकचुकल्या. मामंजींना बरं वाटलं. मी हातातला चिमटा तसाच धरून उभी. आता मधे बोलावं तर गोष्ट तुटणार, आणि बोलू नये तर भिंत पडलेली राहणार.

"मग मी शेजारच्या काकूंकडून वाटीभर पीठ मागून आणलं," मामंजी म्हणाले.

लेकीनं माइक सावरला. एकदा पाडलेली भिंत आता बांधायलाच हवी होती. "फिर पड़ोस की चाची ने हमारी दीवार बनवा दी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक सरदारजी म्हणाले, "वाह, पड़ोसी हो तो ऐसे." वाटीभर पिठाला टाळ्या मिळताना मामंजींनी जन्मात पाहिलं नव्हतं. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "इकडे पिठाला फार मान दिसतो गं." मला हसू आवरेना आणि भीतीही वाटत होती. पण त्यांचा चेहरा असा खुलला होता की माझ्यानं बोलवेना. चालू दे म्हटलं, भिंत तर भिंत.

गोष्ट पुढं सरकली. दोन भाकरी झाल्या आणि नेमका पाहुणा आला. भाकरी म्हणजे काय ते लेकीला नीट माहीत होतं, त्यामुळे पाहुणा सुखरूप जेवला. दीड भाकरी खाऊन गेला. उरलेली अर्धी आईनं मुलाला दिली, त्यानं ती खाल्ली, पण तिचा शेवटचा तुकडा आईसाठी ठेवला. आई तो तोंडाजवळ नेते आणि तिला दिसतं की पोरगं टक लावून बघतंय. इथं मामंजी नेहमी थांबतात. गावात या जागी बायकांच्या नाकाचे आवाज येतात. त्यांनी हात तोंडाशी नेला, परत खाली आणला, आणि म्हणाले, "आईनं तोंडचा घास मला भरवला."

लेकीचा आवाज चिरकला. थांबली, मग म्हणाली, "माँ ने अपने मुँह की घास निकालकर मुझे खिला दी."

 मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळा हॉल सुटला. सरदारजी गुडघ्याच्या पट्ट्यावर थाप मारून हसत होते. एकानं विचारलं, "अंकल जी, कौन सी घास?"

मामंजी बघतच राहिले. ज्या जागी जन्मभर लोकांनी डोळे पुसले, त्या जागी आज माणसं पोट धरून हसत होती, आणि हसू होतं त्यांच्या आईला. त्यांनी माइक टेबलावर ठेवला.  गेले, मी म्हटलं, आता हे नक्की गेले.

"सूनबाई," ते शांतपणे म्हणाले, "काय म्हणाली ही?"

सांगणं भागच होतं. "मामंजी, हिंदीत घास म्हणजे गवत."

त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती खाली मान घालून रडत होती, नाक लाल झालेलं. मला वाटलं, आता तिला सगळ्यांसमोर बोलणार. जिभेला धार आहे त्यांच्या, मास्तर होते. पण ते टेबलापाशी आले, ताटातला समोसा उचलला, मोडला, छोटा तुकडा बोटांत धरला आणि तिच्या तोंडाजवळ नेला. "आ कर," म्हणाले. एवढी अकरावीतली पोरगी, सगळ्या हॉलसमोर तिनं आ केला.

"हा घास," मामंजी म्हणाले.

पुढच्या रांगेतल्या एक पंजाबी आजी उठून उभ्या राहिल्या. "अरे, बुरकी! माँ ने अपने मुँह की बुरकी दी थी." कुणी म्हणालं, निवाला. कुणी म्हणालं, कौर. माणसं एकमेकांना समजावायला लागली आणि हसणं विरत गेलं. सरदारजींनी पगडी सारखी केली आणि हात जोडून म्हणाले, "अंकल जी, वो आख़िरी वाला फिर से सुनाइए." मामंजींनी पुन्हा सांगितलं. लेकीनं पुन्हा हिंदीत सांगितलं, या वेळी बरोबर, आणि पंजाबी आजींनी शालीत तोंड लपवलं. त्या दिवशी समोसे कुणी लवकर मागितले नाहीत.

वर जाताना लिफ्टमध्ये आम्ही चौघंच. लेक अजून मुसमुसत होती. मामंजी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पुरे आता. शब्द चुकला म्हणून काय झालं? हसले ते हसले लोक."

"ते हसले म्हणून मी नाही रडले, आजोबा," ती म्हणाली. "मला पहिलेच रडू येत होतं. मला खरंच वाटलं, तुमच्या आईजवळ त्या तुकड्याशिवाय खायला काहीच नव्हतं, म्हणून ती घास खात होती. आणि ती पण तिनं तुम्हाला दिली. वरून तुमच्या घराला दीवार पण नव्हती."

"कुठली भिंत?" मामंजी म्हणाले.

मी सगळं सांगितलं, पिठापासून. नवऱ्यानं हसू दाबायला तोंड फिरवलं. मामंजी हसले नाहीत. त्या पोरीकडे बघत राहिले, आमचा मजला आला, दार उघडलं, तरी बघत राहिले. इतकी वर्षं गोष्टी सांगितल्या त्यांनी, पण त्यांच्या आईला गवत खाताना पाहून कुणी रडलं नव्हतं.

लिफ्टचं दार पुन्हा मिटायला लागलं तसा नवऱ्यानं पाय मधे घातला. मामंजी बाहेर आले, चपला काढल्या आणि त्याला म्हणाले, "तुझ्या त्या मोबाइलवर तिकीट काढता येतं, तसं परतही करता येत असेल ना?"