पडदेकाकूंचा बरा दिवस

पडदेकाकू सकाळी जाग्या व्हायच्या, तेव्हा झोप झाल्यासारखं वाटायचंच नाही. कुणीतरी रात्रभर चालवून आणून दिवसाच्या काठावर सोडून दिलंय, असं वाटायचं. मग पडल्या पडल्या अंगाची विचारपूस. मान काय म्हणते, खांदे काय म्हणतात, तळवे कुणावर रुसलेत. काही दिवशी अंगावरची चादरसुद्धा बोचायची.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. काकूंचं आलंच मुंगीच्या पावलांनी, आणि जायचं नाव घेईना. रक्त तपासलं, फोटो काढले. सगळं नॉर्मल.

"एवढे छान रिपोर्ट," नणंद म्हणाली, "फ्रेम करून लाव, वहिनी."

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. पूर्ण जाणार नाही म्हणाल्या, पण दुखतंय ते खरं आहे, असंही म्हणाल्या. त्या 'खरं'वर काकू तिथेच रडल्या.

नणंद-भावजयीचं पडद्यांचं दुकान होतं. नणंद मशीनवर. खिडकीजवळचं लांब टेबल काकूंचं, आणि कातरही काकूंचीच. गरम पाण्याची पिशवी कंबरेला बांधून त्या कापायच्या. थोडं कापायचं, थोडं टेकायचं. गल्लीला त्यांचं खरं नाव आठवत नव्हतं, पण पडदे सगळ्यांच्या घरात होते.

त्या वर्षी एका नाट्यगृहाचं काम आलं. रंगमंचाचा पडदा, गडद निळ्या मखमलीचा. मखमलीला लव असते. एक पट्टा जरी उलटा लागला, तरी त्याचा रंग वेगळा दिसतो. म्हणून पट्टा कापला की पाठीवर खडूने बाण काढायचा, लव कुठल्या दिशेला वळते ते दाखवणारा. बाण काढल्याशिवाय पट्टा टेबलावरून हलवायचा नाही.

आणि एका सकाळी काकूंना काहीच दुखेना.

त्या बिछान्यात निजून राहिल्या, कुणी चेष्टा तर करत नाही ना म्हणून. मग उठल्या. दुकानात आल्या आणि कापायला लागल्या. निळं कापड टेबलावरून वाहत होतं. कातर पाण्यातून जावी तशी जात होती.

"जेवून घे," नणंद म्हणाली.

"हात चालतोय तोवर चालू दे गं."

दुपारी डोक्यात धुकं उतरलं. काकूंच्या हातात खडू होता. तो कशासाठी धरलाय, ते काही केल्या आठवेना. त्यांनी तो खिशात टाकला आणि पुढचा पट्टा कापला.

दुसऱ्या दिवशी सगळं दुखणं एकदम परतलं आणि त्यांनी अंथरूण धरलं. उठून दुकानात आल्या, तोवर नणंदेने ढिगाच्या क्रमाने पट्टे जोडून पडदा खिडकीसमोर टांगला होता. मधला एक पट्टा फिका होता, तेवढ्याच जागी चांदणं पडल्यासारखा. काकूंना आधी तो सुंदरच वाटला. मग खिशातला खडू आठवला.

"आता कातर मी धरते," नणंद म्हणाली.

"आणि मी काय शोभेला बसू?"

"तुला दुखतं, वहिनी."

"दुखत असताना माझा एक तरी पट्टा चुकलाय का? सांग ना!"

 नणंदेने त्या फिक्या पट्ट्यावरून हात फिरवला.

"नाही चुकला. दुखतं तेव्हा तू जपून असतेस. बरं वाटलं की उधळतेस, सुटलेल्या वासरासारखी." ती जवळ आली. "कातर तुझीच. पण बऱ्या दिवशी मी थांब म्हटलं की थांबायचं."

"नणंदेच्या धाकात! या वयात हेच राहिलं होतं."

"मग कातर दे."

काकूंनी कातर पोटाशी धरली. "थांबेन," म्हणाल्या.

दोघींनी मिळून टाके उसवले आणि पट्टा सुलटा फिरवून लावला. सुयांच्या खुणा झाकायला शिवण बोटभर आत घेतली. तेवढी उणीव चुण्यांनी गिळली.

वरची झालर कापायची राहिली होती. ती कापताना पुन्हा तसाच दिवस उगवला. अंग नसल्यासारखं हलकं. दुकानभर ऊन, आणि उन्हात निळे तंतू तरंगताना दिसत होते. कातर कापडात निम्म्यापर्यंत गेली होती.

"थांब," नणंद म्हणाली.

"एवढा एक..."

 नणंदेने मशीन थांबवलं. त्या शांततेत काकूंना स्वतःचे हात दिसले. ते पुढे जायला निघालेच होते.

काकूंनी कातर मागे घेतली. जिथवर आल्या होत्या तिथे कापडाच्या पाठीवर बाण काढला. मखमलीच्या तुकड्यांच्या ढिगावर आडव्या झाल्या. कुठेही दुखत नसताना आडवं व्हायचं म्हणजे चोरी केल्यासारखं वाटत होतं. वर छतावर उजेड हळूहळू सरकत होता.

"झोपलीस का?" नणंदेने विचारलं.

"छे. नुसती पडलेय."

"पड."

मशीन पुन्हा सुरू झालं.