झेकरीतच्या टेकडीवरचं पत्र

जुने सेफ्टी बूट झटकले, चुनखडीची धूळ नाकात गेली आणि कतारमधली, दुखानजवळची झेकरीतची टेकडी आठवली.

वर्ल्ड कपची स्टेडियमं उभी राहत होती. शुक्रवारची सुट्टी होती. आमच्या साइटवर सळया बांधणारे बीडचे शिंदेकाका माझ्यासोबत चढत होते. अर्ध्यावर त्यांनी कंपनीचं इंग्रजी पत्र काढलं. "वाचा की, इंजिनियर."

त्यांना महिनाअखेरीस गावी परत पाठवणार, असं त्यात होतं. घरातला पहिला पदवीधर मी, एका नजरेत वाचलं आणि म्हणालो, "नेहमीचंच आहे. यल्ला, चला."

तेव्हा ते लपवणं मला दया वाटलं. आता कळतं, मी भ्यालो होतो.

काका जागचे हलले नाहीत. "तुमचा चेहरा येतो मला वाचता. किती दिवस उरलेत तेवढं सांगा, घरी कळवायचंय."